‘ड्रॅक्युला’चा पटकथाकार नाशिकमध्ये



मागील पालक सभेत तीन-चार मातांनी एकच तक्रार मांडली. मुले मोबाईलवर भुताखेतांचे व्हिडिओ पाहतात आणि मग रात्री पाणी प्यायला स्वयंपाकघरात जाताना सुद्धा सोबत मागतात. काही पालकांनी लगेच उपाय सुचवला की मोबाईल काढून घ्यावा. उपाय चांगलाच आहे. तो घरोघरी किती दिवस टिकतो हेही आपण सारे जाणतो. शाळेचे काम थोडे वेगळे आहे. एखादी गोष्ट कशी तयार होते हे मुलांना समजावून देणे हे शाळेचे काम. घड्याळ उघडून आतली चाके दाखवावीत, तशी भीतीसुद्धा उघडून दाखवता येते. म्हणून या अंकातील अभ्यासलेख भीती तयार करण्याचा व्यवसाय करणाऱ्या एका माणसाविषयी आहे. त्याचे नाव गॅरेट फोर्ट. तो अमेरिकेतला. त्याच्या आयुष्याचा एक धागा थेट आपल्या महाराष्ट्रात, नाशिकपर्यंत येऊन पोहोचतो.

आधी एक शब्द समजून घेऊ. चित्रपट पाहताना आपल्याला नट दिसतात आणि नावे वाचली तर दिग्दर्शक कळतो. पण कॅमेरा सुरू होण्यापूर्वी कोणीतरी टेबलाशी बसून लिहिलेले असते की दार कधी उघडायचे, कोण आत येणार, काय बोलणार आणि कोठे गप्प राहणार. या लेखनाला पटकथा म्हणतात. फोर्ट हा पटकथाकार होता. त्याचा जन्म ५ जून १९०० रोजी न्यूयॉर्क येथे झाला. मूकपटांच्या काळातच तो हॉलिवूडमध्ये लिहू लागला. १९२७ नंतर बोलपट आले आणि संवाद लिहिता येणाऱ्या माणसांना एकाएकी भाव आला. १९२९ साली रूबेन मामुलियन यांचा ‘अप्लॉज’ हा बोलपट आला, त्याचे लेखन फोर्टचे. पुढे दोनच वर्षांत त्याच्या हाती असे दोन विषय आले की त्यांच्यामुळेच आजही त्याचे नाव निघते.

पहिला ‘ड्रॅक्युला’. मुलांनी येथे नीट लक्ष द्यावे, कारण एकच गोष्ट किती हातांतून जाते याचे हे उत्तम उदाहरण आहे. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने १८९७ मध्ये ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी लिहिली. ती सगळी पत्रे, रोजनिशी आणि टिपणे यांतून सांगितलेली आहे. १९२४ मध्ये हॅमिल्टन डीन यांनी इंग्लंडमध्ये तिचे नाटक केले. १९२७ मध्ये जॉन बाल्डरस्टन यांनी ते नाटक अमेरिकन प्रेक्षकांसाठी फिरवून लिहिले आणि त्यात बेला लुगोसी हा हंगेरीत वाढलेला नट ड्रॅक्युलाच्या भूमिकेत उभा राहिला. मग युनिव्हर्सल कंपनीने टॉड ब्राऊनिंग यांच्याकडे दिग्दर्शन देऊन बोलपट काढला. त्याच्या पटकथेवर नाव आहे गॅरेट फोर्टचे. फेब्रुवारी १९३१ मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईत ‘आलम आरा’ हा आपला पहिला बोलपट आला, हे विद्यार्थ्यांनी वहीत शेजारी-शेजारी लिहून ठेवावे. आणखी एक गंमत. दिवसा इंग्रजी ‘ड्रॅक्युला’चे चित्रण चाले, आणि रात्री त्याच सेटवर दुसरी नटमंडळी येऊन स्पॅनिश ‘ड्रॅक्युला’ करीत. एका महालात दोन पाळ्या!

आता घड्याळ उघडू. या चित्रपटात भीती कशाने वाटते? पहिल्या भागात प्रवासी घोडागाडीतून जातो, बाहेर डोकावतो, तर गाडीवान नाही. ड्रॅक्युला जिन्यावरच्या प्रचंड कोळिष्टकातून पलीकडे जातो, पण कोळिष्टक तुटत नाही. पेटीच्या झाकणातल्या आरशात शेजारचा माणूस दिसतो, ड्रॅक्युला दिसत नाही. रक्त जवळजवळ नाही, आरडाओरड फारशी नाही. सुरुवातीची नावे येताना थोडे संगीत आहे, पुढे पार्श्वसंगीत नसल्यासारखेच. आजच्या व्हिडिओंत एकदम मोठा आवाज करून दचकवतात, तसे येथे काही नाही. नेहमी जे असायला हवे ते नाही, एवढेच दाखवले आहे. बाकीचे काम प्रेक्षकाचे मन करते.

माझे पदवीचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे येथे आचार्य रामचंद्र शुक्ल यांची आठवण झाल्याशिवाय राहात नाही. त्यांच्या ‘चिंतामणि’ या निबंधसंग्रहात ‘भय’ नावाचा एक निबंध आहे. संकट येणार याची पक्की खात्री झाली की ते भय, आणि खात्री नसताना नुसत्या शक्यतेने मनात जी चलबिचल होते ती आशंका, असा भेद ते करतात. मराठी मुलांनी हा भेद जरूर लक्षात ठेवावा. कुत्रा अंगावर धावून आला तर वाटते ते भय, आणि बोळ काळोखा आहे म्हणून वाटते ती आशंका. भयपटाचा सगळा धंदा आशंकेवर चालतो. फोर्टच्या पिढीतल्या लेखकांनी हे बरोबर ओळखले होते. आणि आशंकेचा एक दुबळेपणा असा की दिवा लावला, कारण शोधले, की ती कमी होते. पालकांनी मुलांना रागावण्याऐवजी एकदा सोबत बसून तो व्हिडिओ थांबवून-थांबवून पाहावा. आवाज कोठे वाढवला, कॅमेरा कोठे ठेवला, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

दुसरा विषय ‘फ्रँकेनस्टाइन’. हा बोलपटही १९३१ चाच, नोव्हेंबरमधला. मूळ कादंबरी मेरी शेली यांची, १८१८ सालची. दिग्दर्शक जेम्स व्हेल, आणि पटकथेवर फोर्ट व फ्रान्सिस एडवर्ड फॅरागो अशी दोन नावे. एक सार्वत्रिक चूक येथेच दुरुस्त करू. फ्रँकेनस्टाइन हे राक्षसाचे नाव नाही, ते त्याला घडवणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव. त्या बिचाऱ्या प्राण्याला नावच दिलेले नाही. मेलेल्या माणसांचे अवयव जोडून, विजेच्या साहाय्याने तो शास्त्रज्ञ जीव निर्माण करतो, आणि त्या क्षणी आनंदाच्या भरात आपण देवाच्या जागी बसल्याचे बोलून जातो. हे वाक्य पुढे काही वर्षांनी चित्रपट पुन्हा प्रदर्शित होताना आक्षेपार्ह ठरले आणि गडगडाटाच्या आवाजात बुडवून टाकले गेले. कित्येक वर्षांनंतर ते परत जोडण्यात आले.

पण मला स्वतःला त्या चित्रपटातली वेगळी जागा महत्त्वाची वाटते. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या प्राण्याला न भिता त्याच्याशी फुलांचा खेळ खेळते. फुले पाण्यावर तरंगतात, हे पाहून त्याला हर्ष होतो. नंतर जे घडते ते दुःखद आहे, आणि ते दुष्टपणाने घडत नाही, अडाणीपणाने घडते. म्हणजे ज्याची सगळ्यांना भीती वाटते तो स्वतःच घाबरलेला आणि एकटा आहे. नुसता भीतीचा धंदा करणारा माणूस इथवर येत नाही. या कथांच्या आत जीव म्हणजे काय, मरण म्हणजे काय, निर्माता कोण, असे प्रश्न दडलेले आहेत, आणि ते प्रश्न वर्षानुवर्षे लिहिणाऱ्याला ते कधीतरी स्वतःलाही पडतातच. फोर्टने पुढे १९३६ मध्ये ‘ड्रॅक्युलाज डॉटर’ लिहिला, त्याच वर्षी ‘द डेव्हिल-डॉल’च्या लेखनात भाग घेतला. आणि त्याच सुमारास तो अध्यात्माकडे वळला.

हे एकदम विचित्र वाटेल. भयकथा लिहिणारा आणि अध्यात्म? पण आपल्या परंपरेत या दोन गोष्टी इतक्या लांब नाहीत. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात भयानक हा रस आहे. शांत हा नववा रस म्हणून नंतरच्या आचार्यांनी मान्य केला. गीतेच्या अकराव्या अध्यायात अर्जुन विश्वरूप पाहतो तेव्हा प्रथम त्याला थरकापच होतो, आणि तो हात जोडून पूर्वीचे सौम्य रूप परत दाखवण्याची विनंती करतो. मराठीत नारायण धारप यांनी आयुष्यभर भयकथा लिहिल्या आणि त्यांच्या कथांत अघोरी शक्तींपुढे उभे राहणारे ‘समर्थ’ हे पात्रही त्यांनीच घडवले.

फोर्ट ज्यांच्याकडे ओढला गेला ते मेहेरबाबा. त्यांचे मूळ नाव मेरवान शेरियार इराणी. जन्म २५ फेब्रुवारी १८९४, पुणे. शिक्षण सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. पुण्यातल्या हजरत बाबाजान आणि साकोरीचे उपासनी महाराज यांच्या सहवासाने त्यांचे आयुष्य बदलले. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जवळ अरणगाव येथे त्यांनी आपले स्थान वसवले, तेच मेहेराबाद. आपल्याला शाळेच्या दृष्टीने सांगण्यासारखे असे की १९२५ मध्ये त्यांनी तेथे बाबाजान यांच्या नावाने शाळा काढली, आणि त्या काळी अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या घरांतील मुले तेथे इतरांबरोबर शिकत. त्याच वर्षी १० जुलैला त्यांनी मौन धरले. ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवीपर्यंत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांहून अधिक काळ, सोडले नाही. पुढे १९२७ पासून ते एका फळ्यावरील इंग्रजी अक्षरांवर बोट फिरवून बोलत आणि शेजारचा शिष्य ते वाचून दाखवी. १९५४ पासून तो फळाही बाजूला ठेवून नुसत्या हातवाऱ्यांनी बोलत.

अहमदनगरचा उल्लेख आला म्हणून एक आडवळण. ‘फ्रँकेनस्टाइन’मधील त्या प्राण्याची भूमिका करणारा बोरिस कार्लोफ याचे खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट. त्याच्या आजीची बहीण ॲना लिओनोवेन्स, म्हणजे सयामच्या राजवाड्यात शिकवायला गेलेली प्रसिद्ध शिक्षिका, हिचा जन्म अहमदनगरचा, १८३१ चा. जग किती लहान आहे पाहा.

मेहेरबाबा १९३१ मध्ये प्रथम पाश्चात्य देशांत गेले. ‘राजपुताना’ बोटीने गेले, आणि त्याच बोटीवर गोलमेज परिषदेला निघालेले महात्मा गांधीही होते. १९३२ मध्ये बाबा हॉलिवूडला गेले तेव्हा मेरी पिकफोर्ड आणि डग्लस फेअरबँक्स या त्या वेळच्या सर्वांत प्रसिद्ध नटदांपत्याच्या घरी त्यांचे स्वागत झाले. नाटक-सिनेमातील बरीच मंडळी त्यांच्याभोवती जमली. नोरिना मॅचाबेली या ‘द मिरॅकल’ नाटकात माता मेरीचे काम केलेल्या नटी, पुढे शॉ यांचे ‘पिग्मॅलियन’ पडद्यावर आणणारे गॅब्रिएल पास्कल, मार्गारेट क्रास्क या नृत्यशिक्षिका, आणि आपला गॅरेट फोर्ट. सगळेच भारावले असे मात्र नव्हे. पॉल ब्रंटन हा इंग्रज लेखक बाबांकडे राहून गेला आणि १९३४ च्या आपल्या पुस्तकात त्याने त्यांच्याबद्दल स्पष्ट नापसंती लिहिली. अनुयायी त्यांना अवतार मानतात. वाचकांनी आपापली श्रद्धा आपल्याजवळ ठेवून पुढे वाचावे.

१९३६-३७ च्या हिवाळ्यात बाबांची काही पाश्चात्य शिष्यमंडळी नाशिकला येऊन राहिली. त्यांत फोर्टही होता. विचार करा, संवाद लिहून पोट भरणारा हा माणूस. पात्रांच्या तोंडी शब्द घालणे हीच त्याची विद्या. आणि तो हजारो मैल प्रवास करून येऊन बसला तो अशा व्यक्तीसमोर, जिने शब्द उच्चारणे सोडून तोपर्यंत अकरा वर्षे झाली होती. ज्याच्या चित्रपटात शांततेने लोक घाबरत, तो शांततेच्याच शोधात आला होता. मला या प्रसंगाचे फार नवल वाटते.

मेहेरबाबांना चित्रपटाचे महत्त्व कळले होते. सृष्टी कशी झाली, आत्म्याचा जन्मोजन्मीचा प्रवास कसा होतो, हे सांगणारा एक चित्रपट काढावा अशी त्यांची योजना होती. ‘हाऊ इट ऑल हॅपन्ड’, म्हणजे ‘हे सारे कसे घडले’, असे त्याचे नाव. त्याच्या संहितेचे काम फोर्टनेही केले. पण तो चित्रपट कधी पडद्यावर आला नाही.

का आला नसेल? येथे मी माझे मत मांडतो, ते तपासून पाहावे. त्याच हिवाळ्यात, १२ डिसेंबर १९३६ रोजी, मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात पुण्याच्या ‘प्रभात’ कंपनीचा ‘संत तुकाराम’ लागला. ही कंपनी मुळात १९२९ मध्ये आपल्या शेजारच्या कोल्हापुरात जन्मलेली. दिग्दर्शक दामले-फत्तेलाल, तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस, आणि पटकथा शिवराम वाशीकर यांची. चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला, आणि १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. म्हणजे फोर्ट जे लिहू पाहात होता, अध्यात्म पडद्यावर आणण्याचे काम, ते नाशिकपासून काही तासांच्या अंतरावर मराठी माणसांनी करून दाखवले होते. वाशीकरांनी सृष्टीची उत्पत्ती सांगितली नाही. त्यांनी देहूच्या एका घरातली भांडी, म्हैस, भुकेली मुले आणि वैतागलेली आवली दाखवली. आवलीच्या तोंडी अस्सल गावरान बोलणे दिले. विठ्ठलावर ती चिडते म्हणून तर तुकोबांची भक्ती खरी वाटते. शिवाय प्रेक्षकांच्या कानांत अभंग आधीपासून होते, ते नव्याने शिकवावे लागले नाहीत. फोर्टला भीती लिहिता येत होती, कारण घोडागाडी, जिना, आरसा या दिसणाऱ्या वस्तूंतून ती लिहिता येते. पुनर्जन्माचे तत्त्वज्ञान पडद्यावर उभे करायला त्याच्याजवळ देहूसारखे घर नव्हते. पैसा, माणसे, अंतर या अडचणी असतीलच, पण लेखकाची खरी अडचण ही असावी असे मला वाटते.

आणि नाशिकचेच सांगायचे तर, १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढणारे दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. त्यांची चित्रपट कंपनी नाशिकला होती आणि उतारवय त्यांनी तेथेच काढले. त्यांचा एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ १९३७ चा, तोही कोल्हापूरच्या कंपनीने काढलेला. अमेरिकेचा नामवंत पटकथाकार आणि भारतीय चित्रपटाचा जनक यांच्या आयुष्यात एकच गाव यावे, हा योग सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पुढे फोर्ट हॉलिवूडला परतला आणि पुन्हा तेच काम करू लागला. १९४० चा ‘द मार्क ऑफ झोरो’, १९४१ चा ‘लेडीज इन रिटायरमेंट’ यांच्या लेखनात त्याचे नाव आहे. १९४५ मध्ये आलेल्या ‘द मॅन इन हाफ मून स्ट्रीट’चे रूपांतरही त्याचे. त्यात मरण टाळून तरुण राहू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट आहे. त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लॉस एंजेलिस येथे फोर्टचे निधन झाले. वय अवघे पंचेचाळीस. नाशिकच्या मुक्कामाने त्याला कायमची शांती मिळाली, अशी गोड कथा मी मुलांना सांगणार नाही. शोध घेतला म्हणजे सापडतेच असे नसते.

त्यानंतर चार वर्षांनी, १६ ऑक्टोबर १९४९ रोजी, मेहेरबाबांनी आपले आश्रम व मालमत्ता यांचा त्याग करून वीस सोबत्यांसह मेहेराबाद सोडले. या काळाला त्यांनी ‘नवजीवन’ म्हटले. कोणी पायांवर डोके ठेवायचे नाही, उद्याची आशा धरायची नाही, असे नियम. या प्रवासातला पहिला मोठा मुक्काम कोठे झाला? आपल्या बेळगावात. येथे कष्टाच्या जीवनाची सवय करून मग ती मंडळी काशीकडे गेली. बेळगाव-निपाणी परिसरातील जुन्या घरांतून याची कोणाला आठवण, ऐकीव का होईना, असेल तर ती लिहून ठेवण्यासारखी आहे.

आठवी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी सुट्टीतील काम देत आहे. आजी-आजोबांना त्यांच्या गावातल्या वेताळाची, मुंजाची किंवा हडळीची एक गोष्ट विचारावी आणि ती पटकथेप्रमाणे एका पानात लिहावी. प्रत्येक प्रसंगात काय दिसते, काय ऐकू येते, कोण काय बोलते एवढेच लिहायचे. ‘भीती वाटली’ हे शब्द मात्र वापरायचे नाहीत. त्यानंतर दुसऱ्या पानावर, त्याच घरात संध्याकाळी हरिपाठ किंवा शुभंकरोती चालू आहे असा प्रसंग, ‘शांत’ हा शब्द न वापरता लिहावा. पहिले पान सोपे जाईल. दुसऱ्या पानाला दोनदा-तीनदा खोडावे लागेल, तर लागू द्यावे. आजोबा जी बोली बोलतात, कन्नड शब्द मिसळलेली असली तरी, ती तशीच ठेवावी, शुद्ध करीत बसू नये. वह्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी वर्गशिक्षकांकडे द्याव्यात. निवडक पाने पुढील अंकात छापू.